आयरिनबाईंची दोन आडनावं

"टाशे! टाशे! डी टाशे!"

दालनाच्या पार त्या टोकाकडून एक गृहस्थ ओरडत माझ्याच दिशेनं निघाला होता. उंची अशी, की छताची जळमटं त्याच्या टोपीनंच निघत असावीत. मिशी अशी, की तिच्यात चिमणीनं घर केलं असतं तर त्याला हिवाळ्यापर्यंत पत्ता लागला नसता. आता जर्मनीत सहसा कुणी ओरडत नाही. डोळ्यांदेखत बस सुटली तरी इथला माणूस तिच्याकडे नुसता दुःखानं बघतो आणि पुढच्या बसची वेळ वाचतो. आणि हा भला माणूस भर म्युझियममध्ये ताशे, ताशे म्हणून कोकलत होता.

मी मिरजेचा. भाचीचा बघण्याचा कार्यक्रम चाललेला, मुलगा-मुलगी शेजारी उभी, मुलाची आई पर्स पोटाशी धरून चित्रं बघतेय, अशा वेळी एक परका गोरा माणूस आपण होऊन ताशांचा विषय काढतो, तर याहून मोठा शकुन कोणता? मी त्याला हात जोडले आणि मराठीतच समजावलं, की बाबा, अजून बोलणी व्हायची आहेत, एकदा ठरलं की ताशेच काय, सनई-चौघडाही आणू, तूही ये.

त्यानं माझ्या पाठीवरची पिशवी धरली.

टाशे म्हणजे पिशवी, हे भाचीनं माझ्या कानात सांगितलं. पाठीला पिशवी अडकवून चित्रांमधून हिंडायचं नसतं, कारण माणूस वळला की पिशवीही वळते आणि भिंतीवरचं एखादं घराणं कायमचं बुडतं. तेव्हा पिशवी खाली कुलपाच्या कपाटात ठेवून यायची. आता त्या पिशवीत स्टीलचा डबा होता आणि डब्यात माझ्या हातचे कांदेपोहे. डबा तेवढा काखेत राहू दे, असं मी खुणेनं विनवलं, तर त्याची मिशी मुळापासून थरथरली. डबाही खाली गेला. पोह्यांशिवाय बघण्याचा कार्यक्रम आमच्या घराण्यात त्या दिवशी पहिल्यांदा झाला.

एवढं सगळं एका जुन्या तसबिरीपायी पुढे कुठे गेलं, ते सांगायचं तर थोडं मागे, एर्लांगेनला जायला हवं.

एर्लांगेन

लेक आणि जावई तिथे राहतात. गाव असं, की माणसांपेक्षा सायकली जास्त, आणि सायकलींपेक्षा डॉक्टरेट जास्त. सकाळी खिडकीत उभं राहावं, तर खालून शल्यविशारद, प्राध्यापक, शास्त्रज्ञ असे ओळीनं पॅडल मारत जातात आणि पुढच्या लाकडी पेटीत त्यांची पोरं भाजीच्या जुड्यांसारखी उभी केलेली असतात. पाव तर इतका कडक, की मी एकावर सुरी मोडली आणि दुसरा दाराला अडसर म्हणून लावला. दार अजून तसंच आहे. रविवारी इथे आवाज करायचा नसतो, हे ठाऊक नसताना मी मिक्सरवर खोबऱ्याची चटणी वाटायला घेतली. शेजारच्या आजीबाईंनी येऊन जावयाला अतिशय मृदू आवाजात विचारलं, की तुमच्याकडे काही काम निघालंय का. मिक्सर त्यांना रस्ता खोदायचं यंत्र वाटला होता. तेव्हापासून रविवारची चटणी मी पाट्यावर वाटल्यासारखी, पोळपाटावर लाटण्यानं चिरडून केली, तीही श्वास रोखून.

पण मला खरी गंमत वाटली ती घंटांची. मिरजेत माझ्या नावाखाली नुसतं 'दत्ताच्या देवळामागे' लिहिलं तरी पत्र येतं. इथे इमारतीतल्या घरांना आकडेच नाहीत. खाली दारावर घंटांची ओळ आणि प्रत्येकीपुढे आडनाव. आडनाव असेल तर तुम्ही आहात. नसेल तर पोस्टमन तुम्हाला डोळ्यांनी बघूनसुद्धा पत्र परत नेतो. आणि पुष्कळ घंटांवर दोन-दोन आडनावं, मध्ये 'उंड'. उंड म्हणजे आणि. तेवढं जर्मन मला मीठमिरीच्या पुडीवरून येत होतं. लेक म्हणाली, इथे नवराबायको आपापलं आडनाव ठेवू शकतात, म्हणून दोन्ही लावतात. ही गोष्ट मी मनात नीट घडी घालून ठेवली, कारण आमच्या घरात नेमकं त्याच आडनावावरून अडलं होतं.

भाची मृण्मयी साने. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. ब्राउनश्वाइगला धातूंवर कसलंसं संशोधन करते. धातू वाकवायचे, तोडायचे आणि का तुटले ते लिहायचं. तिला स्थळ आलं होतं हेर्त्सोगेनआउराखच्या निनाद कुरुंदवाडकरचं. बुटांच्या कंपनीत संगणकाचं बघतो. फोनवर बोलणी झाली, दोनदा कॉफी झाली, दोघं एकमेकांना आवडली. मग मृण्मयीनं त्याला सरळ सांगितलं, की लग्नानंतर मी आडनाव बदलणार नाही. तिचे शोधनिबंध साने नावानं, घंटेवर साने, आणि इथे साने म्हणजे दुधावरची मलई. तिच्या प्रयोगशाळेत तिला सगळे मलईबाई म्हणतात आणि तिला ते मनापासून आवडतं. मलई टाकून कुरुंदवाडकर व्हायचं म्हणजे फोनवर बारा इंग्रजी अक्षरं सुटी सुटी सांगत म्हातारं व्हायचं. निनाद चालेल म्हणाला. त्यानं आईला विचारलं. आई पुण्याच्या. त्या म्हणाल्या, "बघू."

आता 'बघू' हा शब्द इतर गावांत बघण्यासाठी वापरतात. पुण्यात तो बोलणं मिटवायला वापरतात, निदान मिरजेत आमची तशी समजूत आहे. बहिणीनं फोनवर रडून रडून आमच्या जावयाचं इंटरनेट संथ केलं. मुलगी हट्टी आहे, ती नाव सोडणार नाही आणि बाई ते सोडायला लावल्याशिवाय राहणार नाहीत. दादा, तू तिथे आहेस, तूच काहीतरी कर, पण तो विषय अंगावर घेऊन बोलू नकोस, हळूच त्यांच्या मनात सोड. आणि काही झालं तरी पोहे ने.

विषय हळूच मनात सोडणं हा माझा धंदा. निम्मं आयुष्य मी यात्रा कंपनीच्या बसवर मॅनेजर होतो. मॅनेजरनं प्रवाशांना दोन गोष्टी द्यायच्या असतात: चहा आणि इतिहास. चहाला खर्च येतो. त्यामुळे माझ्या गाड्यांवर इतिहास भरपूर असे. एका घाटातल्या साध्या मैलाच्या दगडाची मी अशी कथा सांगितली होती, की पुढच्या वर्षी गेलो तर त्याला शेंदूर लागलेला. 'माहीत नाही' म्हणणारा मॅनेजर पुढच्या हंगामाला घरी बसतो, हे मी फार लवकर शिकलो होतो.

टेर्मिन

इथे सगळ्याला टेर्मिन लागतो, म्हणजे आधी ठरवून घेतलेली वेळ. केस कापायला टेर्मिन, दात दुखायला टेर्मिन. निनादनं बघण्याच्या कार्यक्रमाचाही टेर्मिन सगळ्यांच्या मोबाइलवर धाडला, सुरुवातीच्या वेळेसकट आणि संपण्याच्याही. आमच्याकडे बघण्याचा कार्यक्रम संपतो तो दूध उतू गेल्यावर किंवा कुणाची गाडी चुकायला आल्यावर. जागा त्याच्या आईंनी सुचवली होती: कुणाच्या तरी सोफ्यावर बसून एकमेकांच्या पायांकडे बघण्यापेक्षा चार चित्रं बघत बोलू. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. त्या मिशीवाल्या रखवालदाराला मराठी वाचणारा कुणी भेटला तर पंचाईत.

गाव मात्र देखणं. नदी एवढीशी, पण तिला पूल पाच. घरांच्या लाकडी तुळया बाहेरून दिसतात, जशा काही घरं आतलं बाहेर करून वाळत घातली आहेत. स्टेशनबाहेर कुरुंदवाडकर मायलेक उभे होते. निनाद म्हणजे नाद, आवाज. पण या निनादाला आवाज म्हणून नाही. हसतो छान. त्याच्याशी बोलताना आपणच दोघांचं बोलून टाकावं लागतं आणि ते मला जमतं. त्याच्या आई ठेंगण्या, नारायण पेठ साडी, त्यावर निनादचा जाडजूड कोट, कपाळावर ठसठशीत कुंकू, पायात बर्फातले बूट. कॉलेजात शिकवायच्या, आता निवृत्त, एवढं आम्हाला कळलं होतं. काय शिकवायच्या ते कुणी विचारलं नव्हतं. त्या कुंकवाकडे बघून मी धरून चाललो, की यांना मराठीखेरीज काही येत नसणार. नमस्कार करताना माझ्या तोंडून "या विहीणबाई" निघून गेलं. त्यांनी एक भुवई उचलली आणि ती टेर्मिन संपेपर्यंत खाली आणली नाही.

आत ताशांचा प्रकार झाला, तो सांगितलाच. पिशवी ठेवून मी वर आलो तर तिघंही एका तसबिरीपुढे थांबली होती.

कमरेपर्यंत काढलेली बाई. अंगात काळा झगा, गळ्याला पांढरी लेस, केस तांबूस आणि घाईत बांधल्यासारखे. एका हातात कुंचला, दुसरा हात लिहिलेल्या कागदांच्या चळतीवर. त्या हाताच्या मधल्या बोटाला शाई लागलेली, आणि चित्रकारानं ती शाई इतकी जीव ओतून काढलेली, की मला खिशातून रुमाल काढून तिला द्यावासा वाटला. पण खरी गोष्ट नजर. कामात बुडालेल्या बाईला कुणी विचारावं, की अगं, स्वयंपाकाचं काय, आणि तिनं मान वर करावी, तशी. मी उजवीकडे सरकलो, नजर उजवीकडे आली. मी खांबाआड गेलो, तर खांबातून आली.

खाली पितळी पाटी. मी वाचली आणि मला जमिनीवरून चार बोटं वर उचलल्यासारखं झालं. पहिला शब्द आयरिन. म्हणजे बाईंचं नाव. पुढे श्रिफ्टश्टेलेरिन उंड मालेरिन. मध्ये उंड! म्हणजे दोन आडनावं, एर्लांगेनच्या घंटेवर असतात तशी, आणि तीही त्या जमान्यात. शेवटी बारीक अक्षरांत नामे उनबेकांट. आमच्या जुन्या खरेदीखतांत 'नामे अमुक' लिहितात, अगदी तसं. उनबेकांट हा चित्रकार असणार; खालपासून बघत आलो होतो, निम्म्या चित्रांखाली त्याचंच नाव होतं. मोठा उद्योगी माणूस.

मग मी घसा खाकरला.

मी सांगितलं, की ही आयरिनबाई. आयर्लंडची, म्हणून तर नाव तसं ठेवलं. माहेरची मालेरिन, घरात गरिबी, पण अक्षर सुंदर. लग्न होऊन इथे आली ती श्रिफ्टश्टेलेरिनांच्या घरात. पिंपांचा व्यापार, सात गावांत दरारा. बाई दिवसा चित्रं काढायची, संध्याकाळी पुस्तकं लिहायची, आणि दोन्हींखाली सही करताना दोन्ही आडनावं लिहायची. गावात बोभाटा झाला. लोक सासूकडे तक्रार घेऊन आले, की तुमच्या सुनेनं घराण्याच्या नावाला शेपूट लावलंय. आता ही सासू होती मोठ्या मनाची. (इथे मी निनादच्या आईंकडे बघितलं. भुवई वरच.) ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, माझी सून जेवढं लिहिते तेवढं तुम्ही वाचून दाखवा, मग नावाचं बोलू. लोक परत गेले. पुढे सासूनं स्वतःच्या उतारवयात आपलंही माहेरचं नाव लावायला घेतलं, आणि चित्रकार उनबेकांट हा त्या सासूच्याच माहेरचा.

मृण्मयीनं माझा दंड धरला होता. मला वाटलं, भाचीला भरून आलं. ती चिमटे काढत होती. तिकडे निनादनं दोनदा तोंड उघडलं. पण तो शब्द जुळवेपर्यंत माझं वाक्य संपत नसे. रखवालदारसुद्धा जवळ येऊन ऐकत होता. मला त्यात रसिकता दिसली.

मी थांबलो. निनादच्या आईंनी तसबिरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग मृण्मयीकडे वळल्या. शांतपणे म्हणाल्या, "माझा चष्मा पर्समध्ये आहे. तू वाच गं ती पाटी. मराठीत सांग."

तेव्हा मी भाचीचा चेहरा बघितला. पोर तीन वर्षं त्या देशात राहते, त्या भाषेत धातू तोडते. तिला ती पाटी वाचता येणार, आणि मी वाचली तशी ती नसणार, हे मला तेव्हा सुचलं. ती माझ्यासारखं बोलली असती तर कुणाला कळणार होतं? मी डोळ्यांनी तिला तेच सांगत होतो: मम म्हण, पुढचं मी बघतो.

मृण्मयी म्हणाली, "आयरिन हे नाव नाहीये. तो शब्द ईरिन आहे, म्हणजे आयरिश बाई. पुढे लिहिलंय, लेखिका आणि चित्रकार. मामा ज्यांना आडनावं म्हणतोय ती तिची कामं आहेत."

"आणि खाली?"

"नाव अज्ञात."

उनबेकांट म्हणजे अज्ञात. निम्मं म्युझियम ज्यानं एकट्यानं रंगवलं असं मी धरून चाललो होतो, तो माणूस कधी नव्हताच.

मला माझा स्वतःचा इतिहास पुन्हा पहिल्यापासून ऐकू येत होता. मृण्मयीनं माझा दंड सोडला नव्हता, पण आता चिमटा नव्हता, नुसता धरला होता. ती पुढे म्हणाली, "काकू, मामाला तुम्हाला जे पटवायचं होतं, ते माझं आहे. मी माझं आडनाव बदलणार नाही. निनादला मी सांगितलंय. तुम्हाला समोर बसून मीच सांगायला हवं होतं, ते राहिलं. तुम्हाला चालणार नसेल तर आत्ताच सांगा."

निनादच्या आईंनी पर्स उघडली. चष्मा काढला, पुसला, लावला. तसबिरीपुढच्या दोरीपर्यंत गेल्या, पाटी वाचली, आणि रखवालदाराकडे वळून त्याच्याशी बोलायला लागल्या. जर्मनमध्ये. असं तसं नाही. इतकं घडघडा, की तो माणूस आधी सरळ उभा राहिला, मग टोपी काढली, मग हातवारे करून सांगू लागला, आणि दर वाक्यामागे गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, अगदी बरोबर. त्याची ती मिशी, जिच्यात चिमण्या राहू शकल्या असत्या, ती लाडात आल्यासारखी हलत होती.

"आई जर्मन शिकवायची," निनाद म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं पहिलं पूर्ण वाक्य. निम्मं पुणं आईनंच इकडे पाठवलंय, असं त्यानं वर जोडलं, आणि एवढं बोलून दमल्यासारखा गप्प झाला.

म्हणजे माझ्या तोंडून आयरिनबाई निघाली तेव्हाच त्या जाणून होत्या. पिंपांचा व्यापार, सात गावांतला दरारा, मोठ्या मनाची सासू, सगळं त्यांनी भुवई वर ठेवून, मला मध्ये एकदाही न अडवता ऐकून घेतलं होतं. जमीन दुभंगून पोटात घेते म्हणतात, पण जर्मनीतली जमीन फरशी बसवून पक्की केलेली असते.

रखवालदारानं सांगितलेलं त्यांनी आम्हाला मराठीत सांगितलं. बाई आयर्लंडहून आली, इथे पुष्कळ वर्षं राहिली, लिहायची, रंगवायची, एवढं जुन्या लोकांकडून कळत आलंय. तसबीर कुणी काढली माहीत नाही. तिनंच आरशात बघून काढली असेल, असंही काहीजण म्हणतात. तिनं लिहिलेलं एक पान कुठे सापडलेलं नाही.

मग त्या तसबिरीकडे बघत राहिल्या. बाईही त्यांच्याकडे बघत होती. दोघींची नजर एकाच दुकानातून आणल्यासारखी.

"बोटाची शाईसुद्धा राहिली," त्या म्हणाल्या, "नाव तेवढं राहिलं नाही." आणि मागे न वळता मृण्मयीला म्हणाल्या, "तुझं तू ठेव. घंटेवर दोन्ही लावा, म्हणजे माझी पत्रं येतील."

मृण्मयी रडली नाही. ती धातूंच्या सहवासात वाढलेली. निनाद मात्र नाक ओढत खिडकीतून नदी बघायला गेला.

पोहे आम्ही अंगणात बाकावर बसून खाल्ले. रखवालदार जेवणाच्या सुट्टीत बाहेर आला तेव्हा त्यालाही दिले. तो मिरची चघळून लाल झाला, पण डबा पुसून खाल्ला, आणि डबा परत देताना 'टाशे' म्हणून माझ्या पिशवीकडे बोट दाखवून हसला. बहिणीला फोन लावला, तर ती या वेळी आनंदानं रडली, आणि जावयाचं इंटरनेट पुन्हा संथ झालं असं लेक नंतर म्हणाली.

संध्याकाळी स्टेशनवर गाडी उशिरा होती. इथे गाड्या उशिरा असतात आणि लोक त्याबद्दल आपल्यापेक्षा जास्त नवल करतात. मुलं दोघं फलाटाच्या टोकाला जाऊन उभी होती. निनाद बोलत होता. लांबून हात हलताना दिसत होते. मी विहीणबाईंच्या, आता हक्कानं विहीणबाईंच्या, शेजारी बाकावर बसलो. एक प्रश्न दुपारपासून मनात होता, तो विचारला. म्हटलं, समजा पोरीनं माझी लाज राखायला म्हणून पाटी माझ्यासारखीच वाचली असती. तर?

त्यांनी गाडीच्या वेळेच्या फळ्याकडे बघितलं.

"तर 'बघू' म्हणून पुढच्या दालनात गेले असते," त्या म्हणाल्या. "तिथे घोड्यांची चित्रं आहेत."